रंगीत अंड्यांच्या संकरित कोंबड्या: जोड्या लावण्यापासून विक्रीपर्यंत

निळी, शेवाळी, चॉकलेटी अंडी एका टोपलीत दिसली की घेणारा भुलतो. पण तो घरी नेतो ते पिल्लू, आणि त्याचं पहिलं अंडं दिसायला पाच-सहा महिने जातात. म्हणजे तुम्ही विकता तो वायदा. तो पाळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: शुद्ध जातींचे दोन-तीन कळप स्वतःकडे ठेवायचे आणि त्यांच्यातल्या पहिल्या पिढीचा संकर विकायचा. संकरितांवर पुन्हा संकरित लावत गेलं की तिसऱ्या पिढीत कुठली कोंबडी काय घालेल हे तुम्हालाच सांगता येत नाही.

रंग येतो कुठून

कवचाचे मूळ रंग दोनच, पांढरा आणि निळा. हिरवा, ऑलिव्ह, चॉकलेटी हे सगळे त्यांच्यावर चढलेल्या तपकिरी थराचे प्रकार. निळं रंगद्रव्य, बिलिव्हर्डिन, कवच घडत असतानाच त्यात आरपार मुरतं. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिनचा. तो अंडं बाहेर पडण्याआधीच्या शेवटच्या काही तासांत मुख्यतः वरच्या थरात बसतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एक ऑलिव्ह अंडं फोडा आणि आतला पापुद्रा सोलून काढा. बाहेरून लष्करी गणवेशाच्या रंगाचं ते कवच आतून फिकट निळं निघतं. गडद चॉकलेटी अंड्याचं कवच आतून पांढरं असतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने ऑलिव्ह अंडं घासलं तर तपकिरी थर फडक्यावर उतरतो आणि खालचा निळा उघडा पडतो. ग्राहकाला हिरवा रंग समजावून सांगायला यापेक्षा सोपं साधन नाही.

निळ्या रंगाचं जनुक एकच आहे आणि ते प्रभावी आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. (कोंबडीच्या जनुकसंचात एका जुन्या रेट्रोव्हायरसचा तुकडा घुसल्यामुळे हा रंग आला, हे २०१३ साली सिद्ध झालं. चिलीच्या अरौकानात आणि चीनच्या काही जातींत तो तुकडा वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे घुसला आहे.) तपकिरी रंगाची गोष्ट वेगळी. त्यामागे अनेक जनुकं असतात, आई-बाप दोघांचा वाटा पडतो आणि पिल्लाचा रंग बहुधा मधेच कुठेतरी येतो. म्हणून निळ्याचं भाकीत आकड्यांत करता येतं, तपकिरीचं फक्त अंदाजाने.

पिसांचा रंग, पायांचा रंग, कानाच्या पाळीचा रंग यांवरून अंड्याचा रंग ओळखायच्या युक्त्या पुष्कळ ऐकायला मिळतात. संकरितांत त्यांवर विसंबू नका.

कोणावर कोण लावायचं

निळ्यासाठी अमेरौकाना, अरौकाना किंवा क्रीम लेगबार. गडद तपकिरीसाठी मारान्स; त्याखालोखाल वेलसमर आणि बार्नेवेल्डर. पांढऱ्यासाठी लेगहॉर्न. अरौकाना घेताना सावध राहा. ज्यांच्या कानाजवळ पिसांचे झुबके असतात त्यांच्यात झुबक्याचं जनुक दोन्ही बाजूंनी आलं की पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणून झुबकेवाल्यावर झुबकेवाली लावू नये. धंद्यासाठी अमेरौकाना किंवा लेगबार बरा.

पहिल्या पिढीत मिळतं ते असं:

- निळा × लेगहॉर्न: फिकट आकाशी अंडी, आणि संख्येने भरपूर. निळ्या जातींचं उत्पादन बेताचंच असतं, ते लेगहॉर्नच्या रक्ताने सुधारतं.
- निळा × साधी तपकिरी, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड किंवा ऑस्ट्रालॉर्प: पुदिन्याचा फिका हिरवा.
- निळा × वेलसमर: मध्यम हिरवा, कधी वर ठिपके.
- निळा × मारान्स: ऑलिव्ह.

गुलाबी आणि जांभळट अंड्यांना मागणी असते, पण तो रंग फिक्या तपकिरीवर वरच्या संरक्षक थराची पांढरट साय जाड बसल्यामुळे दिसतो. ओलं झालं की अंडं नेहमीचं तपकिरी. त्याचा वायदा करू नका.

ऑलिव्ह किती गडद येईल हे निळ्या बाजूपेक्षा मारान्सच्या बाजूवर ठरतं. गडद अंड्यातून निघालेला कोंबडा म्हणजे त्याची आई गडद घालत होती, एवढंच कळतं. त्याच्या बहिणी काय घालतात ते पाहा, आणि जमलं तर त्याच्या मुलींची अंडी पाहून मगच त्याला मुख्य नर करा. पाहणीची वेळही महत्त्वाची. मारान्सचं हंगामातलं पहिलं अंडं सगळ्यात गडद असतं आणि पुढे रंग उतरत जातो. पहिल्या आठवड्यातल्या अंड्यावर भाळून कोंबडी निवडली तर तीन महिन्यांनी निराशा होते. दोन-तीन महिने सतत घातल्यानंतरही जिचं अंडं गडद राहतं ती ठेवावी.

कोंबड्याची परीक्षा

खरा घोटाळा कोंबड्यापाशी होतो, कारण तो अंडं घालत नाही. निळ्या जनुकाच्या दोन प्रती (एक आईकडून, एक बापाकडून) असलेला कोंबडा आणि एकच असलेला कोंबडा दिसायला सारखे. दोन प्रतींचा असेल तर सगळ्या मुली निळं-हिरवं घालतील, एका प्रतीचा असेल तर निम्म्याच. उरलेल्या निम्म्या तपकिरी किंवा पांढरं घालतील आणि फोन तुम्हाला येतील.

पिसाच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून हे जनुक तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. सोय नसेल तर जुनी रीत: कोंबडा पांढरं किंवा तपकिरी घालणाऱ्या माद्यांवर लावायचा आणि निदान सात मुली वाढवून अंडी पाहायची. सातही निळं-हिरवं घालत असतील तर तो एका प्रतीचा असण्याची शक्यता १२८ त १ उरते. पाचच मुली पाहिल्या तर ३२ त १. एक जरी तपकिरी किंवा पांढरी निघाली तरी निकाल तिथेच लागला. याला जवळजवळ वर्ष जातं, म्हणून चाचणी चालू असताना त्याची पिल्लं विकायची तर "निम्म्या हिरव्या निघतील" असं सांगूनच विकावीत.

अधिक गडद ऑलिव्ह आणि तुऱ्याची खूण

पहिल्या पिढीची ऑलिव्ह मादी पुन्हा मारान्स कोंबड्यावर लावली तर निम्म्या मुली जास्त गडद ऑलिव्ह घालतात आणि निम्म्या नुसत्या तपकिरी. याला उलटा संकर म्हणतात. संकरित मादी पुन्हा पैदाशीला लावण्याचा हा एकच प्रकार करण्यासारखा आहे, कारण त्यात निवड करायला एक खूण मिळते. निळ्याचं जनुक आणि वाटाणा तुऱ्याचं जनुक एकाच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसतात आणि बहुधा जोडीनेच पुढे जातात. अमेरौकानाचा तुरा वाटाणा, मारान्सचा एकेरी. त्यामुळे या उलट्या संकरातल्या वाटाणा तुऱ्याच्या पिल्लांत निळं जनुक असतं, एकेरी तुऱ्याच्या पिल्लांत नसतं. जोडी तुटण्याचं प्रमाण साधारण शंभरात तीन ते पाच.

एका दिवसाच्या पिल्लाचा तुरा पाहायचा तर डोकं उजेडाकडे तिरकं धरा आणि चोचीच्या मुळाशी बघा. एकेरी तुरा तिथे पातळ, उभ्या कडेसारखा दिसतो. वाटाणा तुरा रुंद, चपटा, बसका असतो आणि बारकाईने पाहिलं तर तीन समांतर रेघा दिसतात. शंका आली तर दोन-तीन आठवडे थांबा, फरक उघड होतो.

क्रीम लेगबारच्या रक्तात ही युक्ती चालत नाही. लेगबारचा तुरा एकेरी आणि निळं जनुक त्याच्याच सोबत. लेगबार वापरून उलटा संकर केला तर तुरा काहीच सांगत नाही.

पहिल्या पिढीचे नर-मादी एकमेकांवर लावले तर चारातल्या तिघी निळ्या-हिरव्या आणि एक तपकिरी किंवा पांढरी, शिवाय गडदपणा वाटेल तसा. स्वतःच्या टोपलीसाठी ठीक, विकायला नको.

पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखायचे असतील तर

निम्मी पिल्लं कोंबडे निघणार हा या धंद्यातला सर्वात मोठा खर्च. तो टाळता येत नाही, पण पहिल्या दिवशीच वेगळा काढता येतो. पिसांवरच्या पट्ट्यांचं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं. पट्टेरी मादी आणि बिनपट्ट्याचा गडद कोंबडा अशी जोडी लावली की पट्टे फक्त मुलग्यांना मिळतात. जन्मतःच मुलग्याच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मुलीच्या डोक्यावर नसतो.

रंगीत अंड्यांसाठी अशा दोन जोड्या चांगल्या बसतात. पहिली: क्रीम लेगबार मादी, ब्लॅक कॉपर मारान्स कोंबडा. दुसरी: कुकू (म्हणजे पट्टेरी) मारान्स मादी, काळा अमेरौकाना कोंबडा. दोन्हींत सगळ्या मुली ऑलिव्ह घालतात. पहिल्या जोडीत डोक्यावरच्या शेंडीमुळे ठिपका लपतो, म्हणून पिल्लं पूर्ण वाळल्यावर, पण पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहावीत. जोडी उलटी लावलीत, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि साधी मादी, तर सगळीच पिल्लं पट्टेरी होतात आणि काही ओळखू येत नाही. पांढऱ्या लेगहॉर्नच्या संकरातही ठिपका दिसत नाही.

जोडी लावताना

भारी अंगाच्या जातीत एका कोंबड्यामागे आठ ते दहा माद्या, लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीत दहा ते बारा. आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा, कारण मादीच्या शरीरात त्याचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं. ही घाई फार महागात पडते. पिल्लं निघतात, वाढतात, विकली जातात, आणि बाप दुसराच होता हे पहिल्या अंड्याला कळतं. नवा कोंबडा आठवडाभर कळपात राहिल्यावर अंडी गोळा करायला लागा.

कुठलं अंडं कोणाचं हे कळलं नाही तर निवड होतच नाही. खटक्याचं घरटं (कोंबडी आत गेली की दार आपोआप बंद होतं असं) असेल तर उत्तम, नाहीतर एकेका मादीला दोन-तीन दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवून अंडं बघा. पायात क्रमांकाचं कडं, वहीत तोच क्रमांक. रंगाची नोंद फोटोने करायची तर नेहमी सावलीत, त्याच करड्या कागदावर. पिवळ्या दिव्याखाली निळं अंडंही हिरवं दिसतं.

गडद अंडी उबवताना

उबवणीची अंडी १३ ते १६ अंश सेल्सियसला, टोकदार बाजू खाली करून ठेवा आणि सात दिवसांच्या आत लावा. धुऊ नका. धुतलं की वरचा संरक्षक थर जातो आणि जंतूंना वाट मिळते. अंडं कितीही गडद असलं तरी गोल चेंडूसारखं, सुरकुतलेलं किंवा चिरलेलं लावू नका.

पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश, पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून किमान तीन-चार वेळा अंडी फिरवा आणि अठराव्या दिवशी थांबा. पंखा नसलेल्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास लागतं. खुडूक कोंबडी हाताशी असेल तर तिच्याखाली रवण ठेवायला हरकत नाही. फक्त अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, नाहीतर इतर कोंबड्या त्याच घरट्यात ताजी अंडी घालून जातात.

मारान्सची अंडी या आकड्यांवर बऱ्याचदा फसतात. रंगाचा जाड थर कवचाची छिद्रं बुजवतो, आतलं पाणी कमी उडतं, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू एकविसाव्या दिवशी आतच गुदमरतं. फोडून पाहिलं तर पिल्लू ओलंचिंब, फुगलेलं आणि चोच पोकळीपर्यंत न पोचलेली. म्हणून गडद अंड्यांना पहिले अठरा दिवस ३५ ते ४० टक्केच आर्द्रता द्या. पण यंत्रावरच्या आकड्यापेक्षा तराजू जास्त खरं बोलतो. लावताना अंडं तोला. अठराव्या दिवशी वजन ११ ते १३ टक्के उतरलेलं असावं. ७० ग्रॅमचं अंडं तेव्हा ६१ ते ६२ ग्रॅम भरायला हवं. सातव्या आणि चौदाव्या दिवशी मधे तोलून घेतलं तर आर्द्रता वेळेत कमी-जास्त करता येते.

बॅटरी लावून पाहणंही या अंड्यांत अवघड. पांढऱ्या अंड्यात पाचव्या दिवशी शिरा दिसतात, गडद चॉकलेटीत दहाव्या दिवशीही नुसता काळोख. प्रखर एलईडी टॉर्च, पूर्ण अंधारी खोली आणि टॉर्चच्या तोंडाला अंडं घट्ट टेकवणं, इतकं केलं तर दहाव्या ते बाराव्या दिवशी पोकळीची कड आणि खालची सावली ओळखू येते. शंका असलेलं अंडं फेकू नका, बाजूला खूण करून ठेवा. फक्त वास येणारं किंवा पाझरणारं अंडं लगेच बाहेर काढा, ते फुटलं तर सगळं यंत्र नासतं.

पिल्लं

ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गारठली आहेत, कडेला पसरून धापत असतील तर ऊब जास्त झाली. आठ आठवड्यांपर्यंत १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, मग १५ ते १६ टक्क्यांचं ग्रोअर. लेयर, म्हणजे घालत्या कोंबड्यांचं खाद्य पहिलं अंडं पडेपर्यंत देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने वाढत्या पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की जिला लागेल ती खाते.

लिटर, म्हणजे पिल्लांखालची गादी, कोरडं ठेवा, रक्ती हगवण ओल्या गादीतूनच पसरते. मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणजे ती पिल्लू तुमच्याकडे असतानाच. उशिरा दिली तर उपयोग फार कमी. मानमोडीच्या लसीचं वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्या. पैदाशीच्या कळपाची पुलोरम आणि मायकोप्लाझ्मासाठी तपासणी करून ठेवा. हे आजार अंड्यातून पिल्लात उतरतात आणि तुमच्याकडून ग्राहकाच्या कळपात जातात.

निघाल्याच दिवशी प्रत्येक संकराच्या पिल्लांना वेगळ्या रंगाचं कडं घाला आणि पाय वाढेल तसं ते बदला. कडं रुतलं तर पाय जातो.

रंग अचानक उतरला तर

तपकिरी थर सहज बिघडतो, निळा क्वचित. उन्हाचा ताप, कुत्र्याची भीती, जंत, खुराड्यातली गर्दी यांपैकी कशानेही तपकिरी अंडं फिकं पडतं. घाबरलेली कोंबडी अंडं आत रोखून धरते, त्यावर कॅल्शियमची जादा भुकटी बसते आणि अंडं राख फासल्यासारखं पांढरट निघतं. एखादी घालत असेल तर काळजी नको. सगळ्या कळपाची अंडी एकदम फिकी, सुरकुतलेली, पातळ पांढऱ्याची यायला लागली तर संसर्गजन्य ब्राँकायटिसचा संशय घ्या आणि पिल्लांची विक्री थांबवा. निकार्बाझिन हे कोंबड्यांच्या खाद्यातलं औषध चुकून घालत्या कोंबड्यांच्या पोटात गेलं तरी तपकिरी अंडी पांढरी पडतात, म्हणून ब्रॉयलरचं उरलेलं खाद्य इकडे वळवू नका.

रंग परत गडद करणारं कोणतंही खाद्य नाही. झेंडूच्या पाकळ्या, पाप्रिका यांनी बलक गडद होतो, कवच नाही.

विक्री

आधी हिशेब करा. २४ अंडी लावली, त्यातली ८० टक्के फलित धरली तर १९. त्यातली ८० टक्के उबली तर १५. निम्म्या माद्या म्हणजे सात. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वीस आठवड्यांची होईपर्यंत साधारण सात ते आठ किलो खाद्य खाते. नरांनी वेगळे काढेपर्यंत खाल्लेलं खाद्य, वीज, लस, मेलेली पिल्लं आणि पैदाशीच्या कळपाचं वर्षाचं खाद्य, हे सगळं त्या सात माद्यांवर वाटायचं. बहुतेक जण नरांचं खाद्य धरायला विसरतात आणि वर्षअखेर पैसे कुठे गेले ते कळत नाही. नरांचं काय करायचं हे यंत्र चालू करण्याआधी ठरलेलं हवं.

एका दिवसाची पिल्लं विकायला सोपी. पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस तग धरतात, म्हणून प्रवासही झेपतो. पण सगळ्यात चांगला दर अंड्यावर आलेल्या तलंगीला मिळतो, आणि तिचं पहिलं अंडं सोबत दाखवता आलं तर घासाघीसच होत नाही. एकाच रंगाची झुंड विकण्यापेक्षा एक आकाशी, एक ऑलिव्ह, एक चॉकलेटी, एक पांढरी असा चौघींचा संच ठेवा. घरगुती गिऱ्हाईक तोच मागतं.

चिठ्ठीत आई-बापाच्या जाती, उबल्याची तारीख, दिलेल्या लसी आणि अपेक्षित रंग लिहा. रंगापुढे खात्री किती तेही लिहा: "पहिली पिढी, बाप तपासलेला, निळा-हिरवा नक्की, छटा बदलेल" किंवा "उलटा संकर, वाटाणा तुरा, शंभरात तीन-पाच तपकिरी निघू शकतात". संकराला शुद्ध जातीचं नाव लावू नका. अमेरौकाना म्हणून घेतलेली इस्टर एगर (निळ्या जातीचा कुठलाही संकर) निघाली की गिऱ्हाईक परत येत नाही. निळ्या अंड्यात पोषण जास्त असतं असंही सांगू नका, रंग फक्त कवचाचा. जिवंत पक्ष्यांच्या विक्रीचे आणि वाहतुकीचे आपल्या भागातले नियम, विशेषतः बर्ड फ्लूच्या काळातले, आधी विचारून घ्या.

उबवणीची अंडी पाठवायची तर एकेक गुंडाळून, टोकदार बाजू खाली, आणि खोक्यात काहीच हलत नाही इतकी घट्ट भरा. फलितपणाची हमी देता येते, कारण तुमच्याच कळपातली त्याच आठवड्याची अंडी तुम्ही स्वतः लावून पाहू शकता. पिल्लं किती निघतील याची देता येत नाही, आणि हे पैसे घेण्याआधी सांगायचं. घेणाऱ्याला हेही सांगा की पार्सल आल्यावर अंडी टोक खाली करून १२ ते २४ तास तशीच उभी ठेवावीत आणि यंत्रात लावल्यावर पहिला दिवस फिरवू नयेत. प्रवासात हवेची पोकळी सुटते, ती पुन्हा जागेवर बसायला तेवढा वेळ लागतो.